ढवळ्यांचा ळ

मीराबाई गोंडाणे यांनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पाटी हाती घेतली. रायपूरच्या रेल्वे वसाहतीमागे जो पारा, म्हणजे मोहल्ला आहे, तेथील बुद्धविहारात संध्याकाळी प्रौढांचा वर्ग भरे. लेखणी धरली की बाईंचा हात कापायचा. म्हणून गुरुजींनी त्यांना विहारातील जुन्या कॉम्प्युटरवर बसवले. कळ दाबली की अक्षर सरळ उमटते, ही गोष्ट बाईंना फार न्यायाची वाटली.

त्यांनी एकच काम मनावर घेतले. छप्पन साली या पाऱ्यातून जी माणसे दीक्षेसाठी नागपूरला गेली, त्यांची नावे कोठेच लिहिलेली नव्हती. बाई घरोघर जाऊन म्हाताऱ्यांच्या पायाशी बसल्या. सहा वर्षांत एकतीस नावे जमली. तेवढ्या काळात सांगणारे एकेक करून गेले. आज उरले आहेत ते हरिदास ढवळे. तेव्हा ते सात वर्षांचे होते आणि बापाच्या खांद्यावर बसून गेले होते.

कॉम्प्युटरमधील हिंदी फाँटात ळ काही केल्या सापडत नव्हता. पडद्यावर आपल्या बापाचे नाव पाहून हरिदासजी म्हणाले, "हा ढवले कोण व्हय? मी तं याले ओळखत नाही."

बाई खजील झाल्या. त्यांनी गोल बाजारातील एका छापखान्याच्या कंपोझिटरला गाठले. त्याने आपल्या हाताने निराळाच फाँट जुळवून दिला, अक्षरांच्या जागा इकडच्या तिकडे केल्या आणि एका कोपऱ्यात ळ बसवला. पुढे छापखाना बंद पडला आणि तो भला माणूस कोठे गेला, ते कोणास ठाऊक नाही.

यंदा, म्हणजे २०२५ साली, पडद्यावर एक सूचना येऊ लागली. बाईंनी ती बोट ठेवून वाचली. १४ ऑक्टोबरनंतर या विंडोजला सुरक्षेचे अपडेट मिळणार नव्हते. तो तर दीक्षेचा दिवस. त्याच दिवशी विहारात यादी वाचायची ठरली होती. हरिदासजी हसून म्हणाले, "आपण बी त्याच दिवशी जुनं सोडलं होतं. या डब्ब्याले कोणं सांगितलं?"

बाईंची सून रीना शंकर नगरमधील एका कार्यालयात कॉम्प्युटरवरच काम करते. तिने समजावले की चोर नवनव्या किल्ल्या बनवतात, म्हणून कुलूपही बदलत राहावे लागते; आता ते बदलणारा कोणी उरणार नाही. नवे विंडोज त्या जुन्या मशीनवर चढत नव्हते. म्हणून पाच ऑक्टोबरच्या रविवारी तिने विंडोजच्या जागी फुकट मिळणारे लिनक्स बसवले. जुने सगळे पुसले गेले. यादीची फाईल तिने आधीच पेनड्राइव्हवर काढून घेतली होती. नेहमीचा हिंदी फाँट टाकून फाईल उघडली, अक्षरे दिसली आणि तिला समाधान वाटले. रीनाला मराठी समजते. वाचायची सवय नाही.

सोमवारी बाईंनी यादी उघडली. अक्षरे ओळखीची होती. क होता, म होता, पण जोडून एकही नाव होत नव्हते. आपले वाचणे गेले, असे त्यांनी मनात धरले. उतारवयात आलेले उतारवयातच जायचे. घरी त्यांनी पहिले पुस्तक काढून पाहिले. ते वाचता आले. परंतु धडे तर पाठच होते, त्याचा काय भरवसा? लाजेपोटी त्यांनी आठ दिवस कोणाला काही सांगितले नाही.

तेरा तारखेला संध्याकाळी त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "रीना, मले वाचता येऊन नाही राहिलं."

रीनाने गॅस बंद केला आणि त्यांना घेऊन ती विहारात गेली. पडद्यावरचे एक नाव तिने अक्षर लावून वाचून पाहिले. मग हळू आवाजात म्हणाली, "आई, ये किसी को भी पढ़ते नहीं आएगा. मी फाईल घेतली, तुमचा फाँट नाही घेतला. त्यातल्या अक्षरांच्या जागा वेगळ्या होत्या, आणि तो आता पुसला गेला."

घटकाभर बाईंना हायसे वाटले आणि लगेच त्या समाधानाचीच लाज वाटली. आपलेच वाचणे गेले असते तर दुसऱ्या कोणी तरी वाचले असते. रीनाने दुसरे फाँट लावून पाहिले. साधा शब्द अंदाजाने लावता येतो, नावाला अंदाज कसला? महिनाभर बसून कोडे कदाचित सुटेल, असे ती म्हणाली. उद्या चौदा तारीख होती, आणि यादीची छापील प्रत कधी काढलीच नव्हती.

लिहिता येत नव्हते तेव्हा बाईंना शंभर-शंभर नावे तोंडपाठ असत. एकदा लिहून झाल्यावर त्यांनी डोक्यावरचे ओझे खाली ठेवून दिले होते.

दुसऱ्या दिवशी विहारात त्या कोरा कागद घेऊन उभ्या राहिल्या. आठवतील तशी नावे घेतली. हरिदासजींच्या बापाचे पहिले, ळ स्पष्ट उच्चारून. सतरा झाली. पुढे काही येईना. पुढच्या रांगेतून हरिदासजी म्हणाले, "थांबू नको, मीराबाई."

बाईंनी कागदावर बोट ठेवले. "आणि एक," त्या म्हणाल्या. बोट खाली सरकले. "आणि एक."

असे त्या चौदा वेळा म्हणाल्या. त्यांतला कोणता पुरुष आणि कोणती बाई, एवढेही त्यांना सांगता आले नाही.