पसरल्या हातांएवढी नळी

गॅसची नळी मागायला येणाऱ्याला मी आधी तीन प्रश्न विचारतो. रेग्युलेटर सिलिंडरवर आहे की हिटरवर? टोकाचे आटे कसे आहेत? आणि सिलिंडरपासून हिटरपर्यंत अंतर किती? या तिन्हींची उत्तरं मिळाली की योग्य नळी आपोआप हातात येते. पण लोकांना प्रश्न नको असतात. "तुमच्याकडची चांगली असेल ती द्या," म्हणतात. चांगली नळी अशी काही चीज नसते. तुमच्या हिटरला चालणारी आणि न चालणारी, एवढंच. अशा माणसाला मी घरी जाऊन माप घेऊन यायला सांगतो, म्हणून बाजारात मला तिरसट म्हणतात. म्हणोत बापडे.

थंडी पडायला लागली त्या आठवड्यात एक ताई आल्या. पासष्टीच्या पुढच्या, ठेंगण्या, उजव्या गुडघ्याला पट्टा बांधलेला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच पहिली दोन उत्तरं दिली.

"रेग्युलेटर सिलिंडरवर आहे, म्हणजे कमी दाबाची नळी लागेल. रबराच्या थरांमध्ये जाळी हवी. आणि आटे हे असे." असं म्हणून त्यांनी रुमालात बांधून आणलेला पितळी नट काउंटरवर ठेवला.

मी मनातल्या मनात खूश झालो. असं गिऱ्हाईक वर्षाला एखादं येतं. "आणि लांबी?" मी विचारलं.

ताईंनी दोन्ही हात बाजूला पसरले. "एवढी."

"ताई, हे दुकान आहे. मीटरमध्ये सांगा."

"मोजून घ्या की," त्या हात तसेच ठेवून म्हणाल्या. मी टेप लावला. दीड मीटरला पाच सेंटिमीटर कमी भरलं.

आता प्रोपेनचा सिलिंडर घरात ठेवायचा नसतो. तो बाल्कनीत राहतो आणि नळी भिंतीत बसवलेल्या लोखंडी पाइपच्या तुकड्यातून आत हिटरकडे येते. दीड मीटरमध्ये हे बसणं शक्यच नव्हतं. "सिलिंडर कुठे ठेवता?" मी विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही नळ्या दाखवा ना!"

मी दाखवल्या. पहिलीवरची तारीख त्यांनी चष्मा न लावता वाचली. चार वर्षांपूर्वीची होती. "ही तुमच्या भिंतीवरच म्हातारी झाली," त्या म्हणाल्या. मला मिरच्या झोंबल्या. दुसरी त्यांनी वाकवून कानाजवळ धरली, कापलेल्या तोंडावर नख दाबलं, वास घेतला आणि परत केली. आतलं रबर एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ आहे म्हणे. त्या गेल्यावर मी दिव्याखाली धरून पाहिलं. होतं! सव्वीस वर्षं नळ्या विकतोय, हे मला कोणी दाखवलं नव्हतं.

त्या तीनदा आल्या, तीनदा न घेता गेल्या. लांबीवरून दर वेळी आमचं वाजलं. मला वाटलं, चिकटपणा करतायत. तिसऱ्या खेपेला मी वैतागून म्हणालो, "तुम्हाला एवढं कळतं, तर एवढं साधं कळू नये?"

"एकतीस वर्षं हेच केलंय," त्या म्हणाल्या.

मग कळलं. नळ्यांच्या कारखान्यात त्या तपासणीला होत्या. लांबलचक पाण्याचा हौद, एका टोकाला हवेची चावी, दुसऱ्या टोकाला बुडबुडे बघणारी. चावीवर ताई आणि समोर त्यांची जोडीदारीण. यंत्रांच्या गोंगाटात नावाने हाक मारणं शक्य नव्हतं, म्हणून सगळा कारखाना या दोघींना अलीकडची आणि पलीकडची म्हणायचा. बोलणं तीन शब्दांचं. अलीकडची म्हणायची "सोडते", पलीकडची म्हणायची "बघते", आणि सगळं नीट असलं की तीच म्हणायची "ठीक". तो "ठीक" ऐकू येईपर्यंत चावीवरचा हात काढायचा नाही, हा नियम. एकदा कोणा तिसरीने काढला होता, तेव्हा हवेच्या दाबाने नळी सुटून समोरचीच्या तोंडावर बसली आणि तिच्या चेहऱ्यावर कायमचा व्रण राहिला.

हे ऐकूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. रविवारी दुपारी दुकान बंद असतं. टेप खिशात आणि नळीचं वेटोळं पिशवीत टाकून, त्यांच्याकडूनच घेतलेल्या पत्त्यावर मी त्यांच्या घरी गेलो. न बघता नळी विकायची नाही, असं सांगितलं, आणि खरं सांगायचं तर रविवारच्या दुपारी मला दुसरं काही कामही नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर एक खोली, एक स्वयंपाकघर. ताई कोट घालून घरात वावरत होत्या. पलंग, पलंगाशेजारी हिटर, आणि हिटरपासून दोन हातांवर, उशीच्या अगदी शेजारी, सिलिंडर! त्याला जुनी नळी लोंबत होती, भेगाळलेली. बाल्कनीत सिलिंडरच्या बुडाचं गंजाचं गोल वळं उमटलेलं दिसत होतं.

मी ओरडलोच. "अहो, हे उशाशी काय घेऊन झोपता? जरा जरी गळलं तर तुम्हाला जागसुद्धा येणार नाही! आणि चार दिवस कोणाला पत्ता लागणार नाही!"

शेवटचं वाक्य नको होतं बोलायला. त्यांनी स्टूल ओढलं, सिलिंडर आणि हिटरच्या मधोमध बसल्या, डावा हात सिलिंडरच्या चावीवर ठेवला आणि उजव्या हातात साबणाच्या पाण्याचा ब्रश घेऊन तो हिटरच्या जोडाला लावून दाखवला. हात दोन्हीकडे पुरते पसरलेले.

"आता कळलं, एवढीच का हवी ते?" त्या म्हणाल्या. "सिलिंडर बाहेर ठेवला तर चावीवर मी असले की जोडाजवळ कोण? आणि जोडाजवळ मी असले की चावीवर कोण?"

"चावी उघडायची आणि आत येऊन बघायचं. सगळं जग तसंच करतं."

"सगळं जग करू दे. या गुडघ्याने उंबरा ओलांडून आत येईपर्यंत काय व्हायचं ते होऊन जाईल. हात सोडायचा नाही म्हणजे नाही."

मला हसू आलं आणि पुढच्याच क्षणी गेलं. एकतीस वर्षं जो नियम पाळून त्यांनी हजारो घरं सुरक्षित ठेवली, तोच नियम पाळायला त्यांनी मरण उशाशी आणून ठेवलं होतं.

"आधी कोण बघायचं?" मी विचारलं.

"पलीकडची. कारखाना बंद झाल्यावर खालच्याच मजल्यावर राहायला आली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे. गेल्या थंडीत गेली ती." त्या ब्रश बादलीत बुडवत राहिल्या. "मुलगा वर्षातून एकदा येतो. त्याला सांगितलं तर म्हणतो, विजेचा हिटर घे. त्याला वाटतं मला हिटरच हवाय."

मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही, कारण मलाच ऐकवेना. सिलिंडर ढकलत बाल्कनीत नेला, गंजाच्या वळ्यावर बरोबर बसवला. पिशवीतून याच वर्षीच्या तारखेची नळी काढली. ताईंनी ती वाकवली, नख लावलं, वास घेतला आणि मान हलवली. मी अडीच मीटर कापली, क्लिपा आवळल्या. मग मी बाहेर चावीवर हात ठेवला आणि त्या आत ब्रश घेऊन हिटरसमोर बसल्या.

"सोडतो!" मी ओरडलो आणि चावी फिरवली.

आतून काही उत्तर नाही. लोखंड बर्फासारखं गार होतं, बोटं बधिर व्हायला लागली. काचेतून दिसत होतं, त्या जोडाकडे टक लावून बसल्या होत्या, ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. हात काढावासा वाटला. नाही काढला.

बऱ्याच वेळाने आवाज आला, अगदी बारीक. "बघते." आणि मग, "ठीक."

मी आत आलो तेव्हा त्या डोळे पुसत होत्या. "एकतीस वर्षं मी 'सोडते'च म्हणत आले," त्या म्हणाल्या. "'बघते' तिचं होतं. मी कधी म्हटलंच नव्हतं."

हिटर पेटला. खोली ऊब धरेपर्यंत मी बसलो. दर पहिल्या तारखेला येऊन चावी धरीन, असंही सांगून टाकलं. निघताना दारात ताईंनी विचारलं, "आणि तुमच्या घरी दुसऱ्या टोकाला कोण असतं?"

"आहेत की," मी म्हणालो.

माझी बायको दोन वर्षांपूर्वी मुलीकडे चार दिवस म्हणून गेली. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीवर म्हाताऱ्या झालेल्या त्या पहिल्या नळीकडे पाहिलं होतं तसंच. मग "बरं" म्हणाल्या.

घरी आल्यावर चष्मा लावून मी माझ्या हिटरची नळी पाहिली. नऊ वर्षांची निघाली. नळ्या विकणारा माणूस मी! नवी नळी दुसऱ्याच दिवशी कापून आणली. आज मला कोणी विचारलं तर सांगीन की ती बसवणं पाच मिनिटांचं काम आहे आणि एकट्यालाही जमतं. त्या दिवशी जुनी काढली, नवी आवळली, बाल्कनीत जाऊन चावीवर हात ठेवला आणि "सोडतो" म्हणालो. आत दिवा लागलेला होता आणि खुर्ची रिकामी होती. चावी न फिरवताच आत आलो.

पहिल्या तारखेला अजून अकरा दिवस आहेत. त्या दिवशी ताईंची चावी धरून झाली की मला माझं ते "आहेत की" परत घ्यावं लागेल, त्याशिवाय त्यांना माझ्याकडे बोलावता येणार नाही. तोवर हिटर न पेटवता स्वेटरवर स्वेटर चढवून बसतो.