निम्म्यात मिळालेला कॉइन

माझ्या मावशीचं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. आमच्या रस्त्यावर तिला 'निम्मे' म्हणतात, अर्थात तिच्या पाठीमागे. समोरच्याने कपाटाची कितीही किंमत सांगू दे, मावशीचा पहिला शब्द ठरलेला, "निम्मे." मग ती खुर्चीत टेकून बसते. विकणारा तावातावाने कपाटाचं खानदान सांगतो, शपथा घेतो आणि शेवटी घाम पुसत जवळजवळ निम्म्यावर येतो. सांगितलेली किंमत मुकाट्याने देणाऱ्यांची तिला कीव येते.

दुकान भाड्याचं. मालकांना ते विकायचं होतं आणि वर्षअखेरपर्यंत ते मावशीसाठी थांबायला तयार होते. त्यानंतर शेजारचा औषधवाला टपून बसलेलाच होता. मावशीने पै पै करून बहुतेक रक्कम जमवली होती.

त्याच सुमारास एका क्रिप्टो कॉइनचा गाजावाजा सुरू झाला. सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत, जो तो तेच बोलत होता. भाव गगनाला भिडला, तरी मावशीने ढुंकूनही पाहिलं नाही. मग तो घसरायला लागला आणि बघता बघता निम्म्यावर आला.

आणि इथे माझी मावशी फसली.

"आला की नाही निम्म्यावर?" ती म्हणाली. जणू त्या कॉइनला तिनेच समोर बसवून दमवलं होतं.

"मावशी, तो मुळात तेवढ्याचा होता हे कुणी सांगितलं?" मी म्हणाले.

"तू मला भाव शिकवतेस?"

झालं. जमवलेल्यातला मोठा हिस्सा त्यात गेला. पुढे कॉइन आणखी निम्मा झाला, तेव्हा बाई खूश होऊन आणखी घेऊन बसल्या! मला इतका राग आला होता की चार दिवस मी दुकानात पाऊल टाकलं नाही.

गेले तेव्हा ती सोफ्याच्या हातावर फोन टेकवून त्याच्याकडे रोखून बघत होती. भाव अजून खालीच चालला होता.

"हा विकणारा आहे तरी कोण गं?" तिने विचारलं. "मी गप्प बसले की कपाटवाला चुळबुळतो. त्यावरून कळतं, त्याला किती गरज आहे ते. इथे माझ्यासमोर कुणीच नाही."

"मग काय करायचं?"

"न खपणारं कपाट काय करतो आपण? येईल त्या किमतीला काढतो. काढ."

बटण मी दाबलं. जे परत आलं ते मी दोनदा मोजलं; त्यात जेमतेम अर्धं दुकान बसत होतं. मावशीने मात्र पदराने फोनची काच पुसली आणि मालकांना फोन लावला. अर्धं दुकान मला द्या, अर्धं औषधवाल्याला, म्हणाली.

मालक आले. त्यांनी अर्ध्या दुकानाची किंमत सांगितली आणि सवयीने खुर्ची मागे सरकवून पुढच्या लढाईची तयारी केली. मीही श्वास रोखून 'निम्मे'ची वाट बघत होते.

"बरं," मावशी म्हणाली.

मालकांना वाटलं, तिला ऐकू आलं नाही. त्यांनी किंमत परत सांगितली.

ते गेल्यावर मी तिला फैलावर घेतलं. "थोडं तरी कमी करायचं ना!"

"या दुकानाची फरशी न् फरशी मला ठाऊक आहे. कुठे ओल येते, गिऱ्हाईक कुठे रेंगाळतं, सगळं. हे तेवढ्याचं आहे, म्हणून दिले. त्या कॉइनचा मला फक्त कालचा भाव माहीत होता." हे ती मान ताठ ठेवून म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. माझेही.

महिन्याभरात मधली भिंत घालायला गवंडी आला. त्याने टेपने माप घेतलं आणि विटांसकट मजुरी सांगितली. मावशी खुर्चीत मागे टेकली.

"निम्मे."

गवंडी तावातावाने विटांचे भाव सांगू लागला.