उन्हाला 'थांब' म्हणणारी

उन्हाला 'थांब' म्हणणारं माणूस आख्ख्या सोलापुरात मी एकच बघितलंय, ते म्हणजे आमच्या शेजारची पोरगी. हितं लोक डोक्याला फडकं गुंडाळून सावली हुडकतात, आणि ही चाकाच्या खुर्चीत बसून, चित्रण करायला मोबाईल छातीशी धरून ओरडणार, "आबा, पळा की! भिंतीवरचं ऊन चाललं बगा." तिचे पाय जन्मापासून लुळे, त्यामुळं पळायचं मी. दिवस कलला की ती अर्ध्या झोपेत असल्यासारखी बोलते. यंत्रमागाच्या खडखडीवर ऊन डुलतंय म्हणते, रस्त्यावर वाळत घातलेल्या चादरी झोपेत कूस बदलतात म्हणते. मी जन्मभर हातगाडीवर त्याच चादरींचे गठ्ठे ढकलले, मला एकही झोपलेली दिसली नाही. पण आता दिसते. सवय लागली.

ओळख कशी झाली तेही सांगतो. माझी बायको गेली, आणि मी दारातल्या दगडावर बसून राहायला लागलो. येणारा-जाणारा म्हणायचा, देवाची मर्जी. ही एक दिवस समोर खुर्ची आणून म्हणाली, "आबा, नुसतं बसून काय करताय? मला ढकला." असं सांत्वन मला दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. मी उठलो. तिची आई दारातून त्यांच्या घरच्या तेलुगूत बराच वेळ ओरडली. ही तेलुगूतच उलट बोलली आणि मला मराठीत म्हणाली, "आई म्हणती, सावकाश जावा." तेवढ्या लांबलचक ओरडण्यात एवढंच कसं, हे मी विचारलं नाही.

ती तेव्हा कॉलेजात मीडिया शिकायची. मला समजलं ते एवढंच, की लोकांचं जगणं बघायचं आणि दुसऱ्या लोकांना दाखवायचं. हे तर आमच्या बोळातल्या बायका न शिकता करतात, असं मी म्हणालो तर दुसऱ्या दिवशी खुर्ची बाहेरच निघाली नाही. खुर्चीतून जग कमरेएवढं दिसतं, म्हणून तिच्या चित्रणात तोंडं कमी आणि हात फार. मावसभावाच्या लग्नाची फिल्म काढली, त्यात अक्षता टाकणारे हात, मेंदीचे हात, जिलेबी लपवून नेणारा एक हातसुद्धा. वरमाईचं तोंड मात्र कुठंच नाही. वरमाई अजून बोलत नाही.

पुढं तिला इंटर्नशिप हवी होती. शिकायच्या नावाखाली राबायचं, त्याला तसं म्हणतात. पण हिला मनासारखं राबायचं होतं, कॅमेरा घेऊन रस्त्यावर. इथल्याच एका चॅनलनं बोलावलं. जिना चढवायला चौघं लागले. साहेबानं चहा दिला आणि कॅमेरा हिच्यावरच लावला. म्हणाला, "तुझ्या जिद्दीची बातमी करू."

"आणि काम?"

"फोन घ्यायचे. बसून काम, तुला बरं पडेल."

"सर, मी बसूनच असते. मला हिंडायचं काम द्या."

चहा संपवून ती निघाली. रस्त्यात मी म्हणालो, "चार शिव्या तरी हासडायच्यास." तर म्हणाली, "कशाला? चहा बरा होता." पण त्या संध्याकाळी भिंतीवरचं ऊन गेलं, आणि तिनं मान वर केली नाही.

मग पुण्याच्या एका लहान कंपनीनं कळवलं, आपल्या गावातलं एका दमात काढलेलं, कुठं न कापलेलं चित्रण पाठवा. आवडलं तर बरोबर हिंडवू, शिकवू. पाठवायच्या शेवटच्या दिवशी आम्ही बाजाराच्या रस्त्याला लागलो. तिनं बजावलं, "आबा, कुटं थांबायचं न्हाय हां." मी तेल घातलेली गाडी चालावी तशी खुर्ची नेली. आणि बांगड्यांच्या दुकानापाशी आलो तर ती दबक्या आवाजात म्हणतेय, "आबा... आबा!" खुर्ची उभी होती. मी कधी थांबलो, मलाच कळलं नाही. समोर कासार कुणा बाईच्या हातात बांगड्या चढवत होता.

रस्ता संपला तेव्हा ऊन गेलेलं होतं. मी म्हणालो, "माझ्या पायांनी घात केला, पोरी. परत काढायला ऊन न्हाय."

"तितं का थांबलात?"

"तितल्या पायरीवर माझी बायको भाकरी घेऊन बसायची. माझी गाडी रोज तितंच थांबायची."

तिनं मोबाईलवर चित्रण परत एकदा लावून बघितलं. मग म्हणाली, "तसंच पाठवते. रस्ता हाय, तर थांबा बी असणारच की."

पुण्याहून फोन आला. तिला घेतलं. तिकडच्या बाईंनी एवढंच विचारलं म्हणे, की त्या बांगड्यांपाशी का थांबलीस. ही म्हणाली, "ते माझ्या आबांना विचारा."

आता ती पुण्यात हिंडते. फोनवर सांगते, "आबा, हितलं ऊन लई मऊ हाय, धरायला गेलं की निसटतंय." दिवस कलला की मी एकटाच बाजाराच्या रस्त्यानं जातो. ढकलायला काही नसलं की हातांचं काय करावं कळत नाही, म्हणून ते मागं बांधून चालतो. बांगड्यांच्या दुकानापाशी पाय थांबतात, आता थांबू देतो. पायरीवर थोडं ऊन उरलेलं असतं. कुणी ऐकत नाही असं बघून मी हळूच म्हणतो, "थांब की गं जरा."