टिश्यूच्या पाकिटाने धरलेलं टेबल

सिंगापूरहून ग्रीसच्या एका बेटावर जायचं ठरलं तेव्हा नवरा म्हणाला, "आईला हॉटेलवरच बसवू. तिथल्या डोंगराच्या पायऱ्या तिला झेपायच्या नाहीत."

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तरी मी म्हटलं, "वरच्या चर्चपर्यंत येतील त्या. मध्ये बसायची सोय मी करते."

गाव डोंगरावर चढत गेलेलं. गल्ल्या इतक्या अरुंद, की हात पसरले तर दोन्हीकडचा चुना लागावा. भिंती सगळ्या पांढऱ्या, दारं सगळी निळी. सिंगापूरच्या आमच्या बिशान वस्तीसारखे इमारतींवर मोठाले नंबर नाहीत. मी खुणा धरून पुढे निघाले: लाल चादर वाळतेय तिथे डावीकडे, बोगनवेलीपाशी वर. अर्ध्या चढावर चौक लागला. तिथल्या खानावळीत सावलीतलं एकच टेबल रिकामं होतं. त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवून मी मंडळींना आणायला खाली गेले. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, एवढं पुरतं. टेबलावर टिश्यू दिसला की जागा घेतलेली, कोणी तिथे बसत नाही.

परत आलो तर एक वयस्कर गोरं जोडपं तिथे आरामात बसलेलं. माझं पाकीट डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली.

"मम्मी, धिस इज नॉट बिशान, लाह!" लेक सिंगापुरी हेल काढत खिदळली.

नवऱ्याला तेवढंच हवं होतं. "झाली सोय? चला आता खाली."

सासूबाईंनी कोणाकडेच लक्ष दिलं नाही. काठी टेकत त्या टेबलापाशी गेल्या, तिसरी खुर्ची ओढली, "बसते हं जरा," असं त्या जोडप्याला मराठीतच सांगितलं आणि बसल्या. गोऱ्या बाईने हसून ऑलिव्हची बशी पुढे केली. एक तोंडात टाकून सासूबाई म्हणाल्या, "मीठ जास्त झालंय." मग आणखी दोन घेतले.

आम्ही तिघं उन्हात उभे. थोड्या वेळाने त्याच उठल्या. "चला, वर काय आहे ते बघू."

चर्चच्या कट्ट्यावरून खालचं बंदर अख्खं दिसत होतं. नवरा आईचे फोटो काढत सुटला.

"अगं, घाम पुसायला टिश्यू दे," सासूबाई म्हणाल्या.

टिश्यूचं पाकीट खाली चौकात डुगडुगतं टेबल सांभाळत होतं. मी ओढणी पुढे केली.