खडूला डाग न लागता

सोलापूर स्टेशनवर सकाळी उतरले तेव्हा ऊन चढले होते. पिशवीत सहा नळ्या होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.

अणुभट्टीत वापरून झालेले इंधन अशाच बारीक नळ्यांत असते. ते बाहेर काढायला नळ्या पात्याने तोडतात. कडा चेपतात, भुकटी उडते. त्या लेझरने कापता याव्यात म्हणून दादा, माझा थोरला भाऊ, कित्येक वर्षे खपला. दीड महिन्यापूर्वी तो गेला. या टप्प्यातली शेवटची चाचणी राहिली होती. ती फसली तर हा मार्ग सोडावा लागेल, असे त्याच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी फोनवर सांगितले. नळ्या कुरिअरने पाठवा, म्हणाले. मला ते जमेना.

रिक्षा एमआयडीसीत शिरली. मागांचा खडखडाट संपला तिथे मल्लेशमचे लेझरचे वर्कशॉप होते. दादाच्या आधीच्या चाचण्या त्यानेच केल्या होत्या. माझ्या नळ्या कोऱ्या होत्या, आत इंधनाऐवजी खडू. नळी कापली जावी, खडूला डाग लागू नये, एवढेच पाहायचे होते.

किरण एका जागी, नळी गोल फिरत राहते. पहिल्या नळीचा काप सुरेख आला. पण फेरी जिथे सुरू होऊन मिटली, तिथे खडूवर काळा ठिपका. दुसरीलाही तेच. तिसरीही तशीच निघाली.

दुपारी त्याची आई नरसम्मा डबा घेऊन आली. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पच्चिपुलुसु (चिंचेचे कच्चे सार). तिने सगळे आयुष्य मागावर काढलेले. मी पोटभर जेवावे म्हणून ती वाढत राहिली. मग ठिपका निरखून तेलुगूत मुलाला काहीतरी बोलली. घास हातात धरूनच त्याने मला सांगितले,

“आई म्हणतीया, सूत जोडताना दोन्ही टोकं बारीक करतो की आपण. तू जाडावर जाड चढवलंस. एवढं शिकवलं ते कुटं गेलं?”

फेरीच्या सांध्यावर किरण दोनदा पडत होता. त्याने तो सुरुवातीला मंद ठेवून हळूहळू चढवला, फेरी मिटताना पुन्हा उतरवला. चौथ्या नळीत ठिपका फिकट झाला. पाचवीतून खडू माझ्या तळहातावर घरंगळला, पांढराशुभ्र. मला वाटले, संपले.

“एकदा जमलं म्हंजे जमलं न्हाय, अक्का,” म्हणत त्याने सहावी लावली. तीही स्वच्छ निघाली.

परतीच्या गाडीतून मी दादाच्या त्या सहकाऱ्यांना फोनवर कळवले. ते म्हणाले, पुढची चाचणी आता नक्की होणार. अहवालात हा बदल कोणाच्या नावे लिहू?

मी नरसम्माचे नाव सांगितले आणि तिला चालेल ना, हे विचारायला मल्लेशमला फोन केला. त्याने आईला विचारले. मागून ती हसल्याचे ऐकू आले.

“आई म्हणतीया, दादांचं नाव आधी लिवा. तिचं खाली चालंल.”

बाहेर उसाचे फड मागे पडत होते. दादाचे नाव अजूनही नव्या कागदावर येणार होते, आणि आता त्याला सोबत होती.