चुकीच्या चक्कीचं सील

पीठ दळायच्या गिरणीला आमच्याकडे चक्की म्हणतात. चक्कीवर पावती नसते. बाई डबा आणून रांगेत ठेवते, ‘बारीक’ नाहीतर ‘जाडसर’ एवढं सांगते आणि घरी जाते. डबा कोणाचा हे चक्कीवालीला झाकणावरून, पोच्यावरून, कडीला बांधलेल्या चिंधीवरून ओळखता आलंच पाहिजे. मला येतं. वीस वर्षं येतंय. उडीद घातलेली कळण्याची ज्वारी कोणाच्या गव्हानंतर टाकायची, कोणाच्या घरी उपास आहे म्हणून दगड पुसून घ्यायचा, हे सगळं माझ्या डोक्यात असतं आणि त्याचा मला गर्व आहे. असू दे.

आमचा कस्बा बुऱ्हाणपूरपासून बसनं अर्ध्या तासावर. नाव लिहीत नाही. लिहिलं की लोक म्हणतील, ही बाई गावाची बदनामी करते, आणि ते मला पुष्कळदा ऐकवून झालंय. नवरा केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले निम्मे दिवस दिल्लीच्या रस्त्यावर. चक्की माझी. लायसन माझ्या नावावर, वीजबिल माझ्या नावावर, पट्टा तुटला तर धावपळही माझीच.

त्या चक्कीला एका सोमवारी भर दुपारी पालिकेनं सील लावलं. साहेब जीपमधून उतरला, कागद पुढे केला आणि म्हणाला, “टॅक्स बाकी है।” मी आतून पावत्यांची पिशवी आणली. एक वर्ष चुकलेलं नव्हतं. त्यानं पिशवीला हातसुद्धा लावला नाही. “ऑफिस में दिखाना।” खरी भानगड अशी होती की, घरांना नवे नंबर दिले तेव्हा मला जो नवा नंबर मिळाला, तोच बसस्टँडमागच्या एका बंद पडलेल्या चक्कीचा जुना नंबर होता. टॅक्सची बाकी तिची होती. हे मी त्याला उभ्या उभ्या सांगितलं. पालिकेच्याच नंबरांची गोष्ट पालिकेच्या माणसाला चक्कीवालीनं समजावून सांगायची! त्यानं मान हलवली आणि बरोबरच्या शिपायाला कुलपावर कापड गुंडाळायला सांगितलं.

“निदान लोकांचे डबे तरी काढू द्या,” मी म्हणाले. आत डब्यांची रांग भिंतीपर्यंत लागली होती, सणाचे दिवस होते. तो म्हणाला, “पंचनामा हो गया।” लाख वितळवून कुलपावर ओतली, वर ठप्पा मारला आणि जीप गेली.

चूक झाली आहे हे आठ दिवसांत कचेरीतल्या सगळ्यांना कळलं होतं. एका कारकुनानं मला चहा पाजून तसं सांगितलंही. पण सील काढायचं तर ते चुकून लागलं असं साहेबाला लिहून द्यावं लागणार होतं आणि तो लिहीत नव्हता. एवढंच कारण. एका माणसाला चार ओळी लिहायची लाज वाटत होती, म्हणून माझं शटर बंद होतं. पावसाळा आला. शटरखालून सोंडे बाहेर यायला लागले आणि कुजलेल्या गव्हाचा वास गल्लीभर सुटला. बायका नाकाला पदर लावून जायच्या, आणि त्यांचंच धान्य आत सडत होतं. मला रडू यायचं ते दुःखानं नाही, संतापानं.

मी बुऱ्हाणपूरच्या कोर्टात दावा लावला. नवरा फोनवर म्हणाला, “सोडून दे, सरकारशी कोण भांडतं?” मी म्हटलं, “तू ट्रक चालव.”

गल्लीतून साक्षीला कोण येणार हा प्रश्नच होता. आली ती समोरची. आमच्या दोघींची दारं समोरासमोर, ती घरी केळीचे वेफर तळून विकते. एक दिवसाची कढई बंद ठेवून ती बसनं माझ्याबरोबर आली. पालिकेच्या वकिलानं तिला विचारलं, धान्य तुमचं होतं याची पावती कुठे आहे? ती म्हणाली, “चक्कीवर कुठं पावती राहते साहेब? माझा डबा बुडाशी चेपलेला हाय, माझ्याच पोरीनं जिन्यावरून पाडला होता. उघडा अन् पाहून घ्या.” कोर्टाच्या माणसासमोर शटर उघडलं तेव्हा डबा निघाला, बुडाशी चेपलेला. आतल्या गव्हाचं काय झालं होतं ते सांगत नाही. पाहणी झाली आणि सील पुन्हा लागलं. साक्ष झाली त्या दिवशी परत येताना आम्ही बुऱ्हाणपूरच्या इतवारा बाजारात उतरून मावा जलेबी खाल्ली. पैसे तिनं दिले, मला देऊ दिले नाहीत.

मग तारखा. वकील आजारी, साहेब रजेवर, फाईल सापडत नाही. मी थकले होते, हे कबूल करते. चक्की बंद, नवऱ्याच्या पगारावर घर आणि प्रत्येक तारखेला बसचं भाडं. अशात माझा वकील म्हणाला, “ताई, लोक अदालतीत समझौता करून टाका. पालिका नुकसानभरपाई द्यायला तयार आहे, सीलही निघतंय.” चार पानं होती, हिंदीत, बारीक अक्षरात. त्यानं बोट ठेवलं तिथे मी सह्या केल्या. माझ्या घरी दुधाची चिठ्ठीसुद्धा मी वाचून ठेवते, आणि ती चार पानं मी वाचली नाहीत.

पैसे आले. दगडाला टाकी लावून घेतली, नवा पट्टा बसवला, भिंतीला चुना दिला. ज्यांचं धान्य सडलं होतं त्यांना भरपाईतून नवं धान्य भरून दिलं. पहिल्या दिवशी दळणं इतकी आली की मला जेवायला वेळ नव्हता. वर्षभर मी उजळ माथ्यानं फिरले. आपण पालिकेला वाकवलं असं मला वाटत होतं.

नव्या सालाची बिलं आली आणि जलकर, म्हणजे पाणीपट्टी, वाढला होता. चांगलाच वाढला होता. त्यातच, आमच्या गल्लीत व्हायची ठरलेली नालीही रद्द झाली. बिलं वाटणारा माणूस दारोदार काय सांगत फिरला ते मला समोरचीच्या तोंडून कळलं. ती चक्कीत आली, पण डबा घेऊन नाही, बिल घेऊन.

“काय वं भाभी, हे काय होय?”

मी म्हटलं, मलाही आलंय.

“तो म्हने, चक्कीवालीले कोर्टानं पैसे देवाले लावले, मंग पालिका कुठून आनीन? लोकांकडूनच घेईन ना. नालीचे पैसे बी तुमच्याच केसमंदी गेले म्हने. मी गेली होती ना तुमच्यासाठी कोर्टात? माझेच गहू सडले, अन् माझ्याचकडून वसुली?”

मी काहीतरी बोलले, पालिकेला विचार, मला काय विचारतेस, असं. ते बोलायला नको होतं. ती बिल तिथंच गल्ल्यावर ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात पाकिटाचा आटा दिसला.

मग एकेक डबा कमी होत गेला. भांडायला कोणी आलं नाही, भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं. बायका नुसत्या समोरून जायच्या, हातात चकचकीत पाकीट, नजर पुढे. दुपारी बारा वाजता माझी मोटर बंद असायची. सीलनं जे केलं नव्हतं ते आता होत होतं. तेव्हा निदान सगळे माझ्या बाजूनं होते. आता चक्की उघडी होती, पट्टा नवा होता आणि दळण नव्हतं. हे असंच चाललं तर दिवाळीपर्यंत मला मोटर विकावी लागेल हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी कचेरीत गेले. नवा साहेब बसला होता. जुन्या साहेबाची बदली झाली होती, बढतीवर, मोठ्या गावाला. मी विचारलं, ज्यानं चुकीच्या दाराला सील लावलं, पावत्या पाहिल्या नाहीत, चूक कळूनही महिनोन्‌महिने उघडलं नाही, त्याच्या पगारातून किती कापलं? नवा साहेब सभ्य होता. त्यानं खुर्ची दिली, फाईल मागवली आणि माझ्याच सहीचा कागद माझ्यासमोर ठेवला.

“पढ़िए।”

मी वाचलं. सावकाश, बोट ठेवून, पहिल्यांदा. त्यात लिहिलं होतं की हा समझौता कोणाचाही दोष न धरता होत आहे, आणि पालिका किंवा तिचा कोणताही कर्मचारी यांच्यावर यापुढे माझी कसलीही मागणी राहणार नाही. खाली माझी सही, ठळक, शाळेतल्यासारखी गोल.

“आपने ही तो छोड़ा है उनको,” तो म्हणाला.

पण एक गोष्ट मला तिथंच कळली, आणि ती मी त्याला बोलूनही दाखवली. मागणी मी सोडली होती. गावानं कुठे सोडली होती? पालिकेनं आपल्या माणसाकडून वसूल करू नये असं त्या कागदात कुठेही लिहिलेलं नव्हतं. तो म्हणाला, “ऐसा होता नहीं है, मॅडम।” नियम नाही असं तो म्हणाला नाही. होत नाही, एवढंच.

बसस्टँडपासून घरापर्यंत मी पाय आपटत आले. नवरा तेव्हा घरी होता. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, सही तुझी, आता गप्प बस. मी त्याला म्हटलं, सही माझी आहे म्हणूनच गप्प बसणार नाही. मग मी समोर गेले. वेफरची कढई चढलेली होती, ती वळली नाही. मी दारातूनच सांगितलं, “न वाचता सही केली. त्यात साहेब सुटला. ही माझी चूक.” ती काप टाकत राहिली. कढईकडेच बघत म्हणाली, “मले सांगून काय उपयोग? साऱ्या गावाले सांगा.” कदाचित चिडूनच म्हणाली असेल. मी ते शब्दशः घेतलं.

चक्कीच्या भिंतीवर काळा रंग दिलेला चौकोन आहे, दळणाचे भाव लिहायला. दुसऱ्या दिवशी भाव पुसून मी तिथे खडूनं लिहिलं:

‘जलकर का वाढला? चुकीच्या चक्कीला सील लागलं म्हणून. भरपाई कोणी दिली? तुम्ही आणि मी. सील लावणाऱ्या साहेबाकडून किती घेतलं? काही नाही. मी न वाचता सही केली, ती माझी चूक. बाकीची चूक कोणाची, ते कचेरीत जाऊन विचारा. साहेबाकडून वसुलीचा अर्ज इथे लिहून मिळेल.’

खाली तेच हिंदीत लिहिलं, म्हणजे कचेरीलाही वाचता यावं.

पहिले दोन दिवस लोक वाचून पुढे जात. एकानं फोटो काढला आणि तो मोबाईलवर गावभर फिरला. तिसऱ्या दिवशी एक म्हातारे मास्तर अर्ज लिहून घ्यायला आले, बरोबर किलोभर ज्वारी घेऊन, कारण नुसतं येणं त्यांना बरं वाटेना. मी अर्ज लिहिला आणि ज्वारी दळली. मग बायका यायला लागल्या. काही अर्जाला, काही दळणाला, काही दोन्हींना. मी प्रत्येकीला अर्ज आधी वाचून दाखवायचे आणि मगच सही घ्यायचे. एकीला घाई होती, म्हणाली, “लिव्हलं ते बरोबरच असंन, आना इकडं.” मी तिच्यावर अशी ओरडले की ती मुकाट्यानं ऐकत उभी राहिली.

समोरची मात्र आली नाही. ती दारातून बघायची.

मग नवा साहेब स्वतः आला. जीपमधून नाही, मोटरसायकलवर. त्याच्याबरोबर एक शिपाई आणि पाण्याची बादली. चक्कीत पाच-सहा बायका होत्या. त्यानं भिंत वाचली, रुमालानं मान पुसली आणि मला म्हणाला, “मॅडम, इसे मिटा दीजिए। शासकीय कार्यालय की बदनामी है।”

“यात खोटं काय आहे ते दाखवा. मी तेवढं पुसते.”

“सच-झूठ की बात नहीं है। आप नहीं मिटाएँगी तो हमें केस करना पड़ेगा।”

मी मोटर बंद केली. मला माझा आवाज सगळ्यांना ऐकू जायला हवा होता.

“करा,” मी म्हटलं. “या वेळी मी समझौता करणार नाही. शेवटपर्यंत लढीन. मी हरले तर दंड माझ्या खिशातून जाईल, मोटर विकून भरीन. पण तुम्ही हरलात तर कोण भरेल? ते आधी इथे लिहून द्या. हा घ्या खडू.”

त्यानं खडूकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं आणि शिपायाकडे पाहिलं. शिपायानं बादली खाली ठेवली.

तेव्हा रस्त्यापलीकडून आवाज आला. समोरची तिच्या उंबऱ्यात उभी होती, हातात झारा, पदर खोचलेला.

“त्याले काय इचारता भाभी,” ती ओरडली, “आमीच भरू, अजून कोन? माझं नाव लिव्हा त्या भिंतीवर, अन् एक अर्ज बी लिव्हा माझा.”