चुरी काकांनी नापास केलेलं विमान

मला चुरी काका कधीच आवडले नाहीत.

काल सकाळी ते गेले. एका दिवसात आवडायला लागतील असंही नाही.

कॉलनीच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी चाललेत. कोणीतरी लिहिलंय, 'सदैव हसतमुख व्यक्तिमत्त्व'.
या माणसाने काकांना एकदा तरी पाहिलं होतं का?

काका खडूस होते. वाणगावच्या पलीकडे त्यांची चिकूची वाडी. रिटायर झाल्यावर उद्योग एकच. रविवारी सकाळी कॉलनीतली पोरं गोळा करायची, त्यांच्याकडून फोमच्या शीटची रिमोटवाली विमानं बनवून घ्यायची आणि भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात उडवायची. अणुवीज प्रकल्पाच्या बाजूला असलं काही उडवता येत नाही, म्हणून इतक्या लांब.
जोडीला पोरांच्या आईबापांना अक्कल शिकवायची. न मागता.

मी मूळचा जळगावकडचा. बोईसरच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. माझ्या मुलीने, स्वराने, पाचवीत असताना विमानाचा हट्ट धरला, तेव्हा कोणाला विचारायची मला गरज वाटली नाही. दिवसभर पंप उघडून बसवणाऱ्या माणसाला फोमचं खेळणं जड जाणार होतं का?

ऑनलाइन मागवलं. लढाऊ जेटसारखं, राखाडी, पंख खाली. नवशिक्यांसाठी नाही, असं खोक्यावर लिहिलेलं मी वाचलं होतं. वाटलं, ते इतरांसाठी असेल.

दोन संध्याकाळी बसून आम्ही ते जोडलं.
म्हणजे मी जोडलं. स्वराने चिकटपट्टी धरली.

रविवारी ती ते दाखवायला काकांकडे घेऊन गेली. मीही गेलो, ताठ मानेने. काकांनी विमान उलटं केलं, पंखाची कड दाबून पाहिली आणि परत दिलं. मग पहिलं विमान कसं असावं यावर भाषण. पंख वर हवेत, रुंद हवेत. वेग इतका कमी की पोराला विचार करायला वेळ मिळावा. फिरणारा पंखा मागच्या बाजूला, म्हणजे बोटं वाचतात. आणि पडलं तर जेवणाच्या आत घरच्या घरी चिकटवता आलं पाहिजे.

एवढं बोलून सगळ्या पोरांसमोर मला म्हणाले,
"विमान कोनासाठी घेतलंस? पोरीसाठी, का तुज्यासाठी?"

डोक्यात तिडीक गेली. ठरवलं, म्हाताऱ्याला उडवूनच दाखवायचं.

काका कायम सांगायचे, फोम हलका असतो, नऊच्या आत उडवा, दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. मी ते कानाआड केलं. माझी फर्स्ट शिफ्ट तीनला सुटते, त्यामुळे आमचं विमान चारला उडणार होतं. वाऱ्याने माझी शिफ्ट बघून वाहावं, अशी माझी अपेक्षा असावी.

रिमोट माझ्या हातात. स्वरा शेजारी उड्या मारत होती. बाबा वळवा, बाबा आता मला द्या.

विमान वर गेलं, वाऱ्याने आडवं झालं आणि बांधावर नाक आपटून त्याचे तीन तुकडे झाले.

मी तिच्यावर ओरडलो.
"मध्ये बडबडलीस म्हणून पडलं."

चूक माझी आणि खापर दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर. तिने तुकडे गोळा करून पिशवीत भरले.

पुढच्या रविवारपासून ती काकांकडे जायला लागली. तिची आई स्कूटीवरून सोडायची. मी जायचो नाही.

पांढऱ्या फोमचं, रुंद पंखांचं, एकदम बेढब विमान तिने स्वतः कापलं, चिकटवलं, पाडलं, पुन्हा चिकटवलं. विमान माडावर जाऊन अडकायला आलं तरी काका रिमोटला हात लावत नसत, असं बायको सांगायची.
उडायचंही छान म्हणे. मला त्याचाही राग आला.

वर्षभराने काकांनी मला बोईसरच्या बाजारात गाठलं.

"पोरगी रिमोट हातात घेतला का तोंडातून शब्द काढत नाय. ओठ दाबून उभी ऱ्हाते. एरवी किती बोलते. काय झालंय तिला?"

मला लगेच कळलं काय झालंय. का कोण जाणे, त्यांना सांगूनही टाकलं, जरा उर्मटपणेच.

काकांनी ऐकून घेतलं.
"तिला सांग, चूक तुजी व्हती."

म्हटलं, तुम्हीच सांगा, तुमचं फार ऐकते ती.

"मी नाय सांगनार. बापाचं काम हाय ते."

त्या दिवसापासून मी काकांशी बोलणं सोडलं. समोरून येताना दिसले तर बाईक वळवायचो. पोरीला एक वाक्य सांगायचं धैर्य नव्हतं आणि हा माणूस दिसला की तेच वाक्य आठवायचं. अशी दोन वर्षं काढली. लाज वाटते, पण काढली.

काल त्यांना पोचवून घरी आलो. स्वरा आता आठवीत आहे. गॅलरीत बसली होती. शेजारी बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. ते जेट तुझ्या बोलण्याने पडलं नव्हतं. वारा होता आणि मला उडवता येत नव्हतं.

वाटलं, रडेल. नाहीतर म्हणेल, जाऊ दे बाबा.

ती म्हणाली,
"काका दर रविवारी म्हणायचे, उडवताना बोल गं माज्याशी. मी एकदाही बोलले नाही."

आणि उठून आत गेली.

अजून माझ्याशी बोललेली नाही. तिचं बरोबर आहे.

काका, ग्रुपवर मी इमोजी टाकलेला नाही आणि टाकणार नाही. चारचौघांत माझी अक्कल काढलीत, ते मी विसरलेलो नाही. तुम्ही खरं बोललात, तेही नाही.

सांगितलं तिला. तुम्ही असताना सांगायला हवं होतं.

नमस्कार करतो. या आता.